जप्त झालेली ‘अल्बर्टीने’

नॉर्वेचे नाव निघाले की मराठी वाचकाला इब्सेन आठवतो. त्याचा समकालीन क्रिस्तियान क्रोग (१८५२–१९२५) मात्र आपल्याकडे जवळजवळ अपरिचितच राहिला. कायद्याची पदवी घेऊन चित्रकलेकडे वळलेल्या आणि पुढे वृत्तपत्रव्यवसायात रमलेल्या या लेखकाचे नाव आविष्कारस्वातंत्र्याच्या इतिहासात घेतले जाते, ते ‘अल्बर्टीने’ या कादंबरीमुळे.

डिसेंबर १८८६ मध्ये क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, ती प्रसिद्ध झाली आणि लगोलग जप्त झाली. जप्ती करणारे सरकार उदारमतवादी म्हणवणाऱ्या योहान स्वेर्द्रुप यांचे होते, हे विशेष. शिवणकाम करून पोट भरणारी गरीब मुलगी. एक पोलीस अधिकारी तिच्यावर बलात्कार करतो. पुढे पोलीसच तिला वेश्यांसाठी असलेल्या सक्तीच्या वैद्यकीय तपासणीस बोलावतात आणि तिला परतीची वाट उरत नाही. नीतिमत्तेला बाधा आणल्याबद्दल १८८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रोगला १०० क्रोनर दंड ठोठावला. आमच्या मते या पुस्तकात शृंगार औषधालाही नाही. सत्तेला झोंबले ते तिच्याच यंत्रणेकडे दाखवलेले बोट.

याचा पुरावा क्रोगच्याच कुंचल्याने दिला आहे. पोलीस-डॉक्टरच्या दालनाबाहेर ताटकळणारी अल्बर्टीने त्याने भव्य चित्रात रंगवली. १८८७ मध्ये ते चित्र उघडपणे प्रदर्शित झाले. पुढे १९०७ मध्ये राष्ट्रीय कलादालनाने ते विकतही घेतले. चित्र केवळ ताटकळणे दाखवते. ते कोणामुळे व कोणत्या नियमाने, हे कादंबरी सांगते. बंदी आली ती या कार्यकारणभावावर.

कलाकृती म्हणून ‘अल्बर्टीने’ निर्दोष नाही. शेवटच्या प्रकरणात नायिका एकदम निर्ढावलेली दिसते. मधल्या काळातील तिचे मन लेखकाने आपल्याला दाखवलेच नाही. ज्या मुलीचे कोणी ऐकून घेतले नाही, तिला लेखकानेही ऐन वेळी मूक करावे, ही उणीव आम्हांस खटकते.

१८९० ते १९१० या काळात ‘व्हेर्डेन्स गांग’ या वृत्तपत्रासाठी क्रोगने लोकांच्या मुलाखती घेतल्या, त्यांना स्वतःच्या शब्दांत बोलू दिले. ती उणीव भरून निघाली असेल, तर तेथे. क्रिस्तियानियातील सरकारी नियंत्रणाखालचा वेश्याव्यवसाय १८८८ मध्येच बंद झाला होता. त्याचे सारे श्रेय एका पुस्तकास देता येणार नाही. पण त्या वादाला तोंड फोडणाऱ्यांत हे जप्त पुस्तक होते. आविष्कारस्वातंत्र्य हा लेखकाचा मानपान नव्हे. ज्याचे कोणी ऐकत नाही त्याच्यापर्यंत पोहोचण्याची ती वाट आहे, हेच ‘अल्बर्टीने’ वाचून मनावर ठसते.