‘सापडले नाही’ आणि ‘नाही’

मित्रहो, तत्त्वज्ञानाच्या मास्तराचे डेटाबेसशी काय काम, असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल. ते काम आमच्याकडे कसे आले, तेवढे आधी सांगतो.

आमचा एक जुना विद्यार्थी एका ग्रंथसंग्रहासाठी एआय एजंट तयार करत होता. वाचकाने साध्या मराठीत विचारायचे, एजंटने डेटाबेसमध्ये क्वेरी चालवायची आणि उत्तर द्यायचे. चाचणी म्हणून आम्ही कऱ्हाडकर आडनावाच्या एका लेखकाची पुस्तके विचारली. उत्तर आले, ‘या लेखकाचे एकही पुस्तक संग्रहात नाही.’ आता गंमत बघा, ते पुस्तक आम्ही त्याच संग्रहातून आणून वाचलेले! शोध घेतल्यावर कळले, की घोटाळा ‘ऱ’चा होता. युनिकोडमध्ये हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते, किंवा ‘र’ला नुक्ता जोडून दोन संकेतांकांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संकेतांक ताडून पाहणाऱ्या क्वेरीला ते वेगळे. नोंद एका पद्धतीची, प्रश्न दुसऱ्या पद्धतीचा.

यंत्र चुकले म्हणून विषय सोडता आला असता. आम्ही मात्र त्या टूलचे वर्णन मागून घेतले. कारण एजंटला डेटाबेस थेट दिसत नाही. त्याच्यापुढे येते ते टूलचे नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही टूलची ओळख अशीच करून दिली जाते. इथले वर्णन एका ओळीचे होते: ‘ग्रंथसूचीत शोध घेते आणि जुळणाऱ्या नोंदी परत देते.’ यात खोटे काही नाही. पण काहीच परत आले नाही तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे त्यात नाही. आमची टीका आहे ती याच मौनावर.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत आणि अद्वैत वेदान्तात अनुपलब्धी हे सहावे प्रमाण मानले आहे. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही. नैयायिक हे वेगळे प्रमाण मानत नाहीत. पण एक अट त्यांनाही मान्य आहे, ती योग्यतेची. घट असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. काळोखात घट दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असे म्हणता येत नाही.

आता हा काळोख डेटाबेसमध्ये कुठेकुठे असतो ते पाहा. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ओळींच्या पातळीवर सुरक्षा लावता येते. ज्या ओळी पाहण्याचा अधिकार नाही, त्या वाचताना गुपचूप गाळल्या जातात, तक्रार येत नाही. एसक्यूएलमध्ये ‘नॉट इन’च्या यादीत एक जरी ‘नल’ शिरला, तर ती अट कधीच खरी ठरत नाही आणि हाती शून्य ओळी येतात. काही टूल्स पहिल्या शंभर ओळी देऊन थांबतात आणि थांबलो असे सांगत नाहीत. प्रोटोकॉलमध्ये चूक झाली हे कळवण्याची खूण आहे खरी, पण यांतली एकही गोष्ट तांत्रिक अर्थाने चूक नाही. मग ती खूण उमटणार कशी?

यावर करणारे लोक दोन उत्तरे देतात. एक, वर्णन लांबले की एजंटचा संदर्भ भरून जातो आणि खर्च वाढतो. हे खरे आहे. म्हणून आम्ही पोथी मागत नाही, तीन वाक्ये मागतो. दुसरे, एजंटने टेबलांची रचना स्वतः पाहावी. अहो, रचनेवरून रकाने कळतात. नोंदी कोणत्या सालापासूनच्या आहेत, मला किती दिसू दिल्या आहेत, हे रचना कुठे सांगते? माणूस कारकून असता तर शेजारच्या टेबलावर विचारून आला असता. एजंटला शेजार नाही. त्याच्यासाठी ते वर्णन म्हणजे शब्दप्रमाण, आणि शब्द प्रमाण ठरायचा तर सांगणारा आप्त हवा, म्हणजे जाणणारा आणि जसे आहे तसे सांगणारा.

आम्ही सुचवलेली वाक्ये अशी: ‘नाव हुबेहूब जुळले तरच नोंद मिळते, लेखनभेद ओळखले जात नाहीत. जास्तीत जास्त शंभर नोंदी मिळतात. काहीच मिळाले नाही तर दुसऱ्या लेखनाने पुन्हा शोधा, आणि तरीही न मिळाल्यास “सापडले नाही” एवढेच सांगा.’ वर्णन दिले म्हणजे एजंट ते पाळेलच असे नाही. म्हणून रिकाम्या उत्तरासोबत हीच सूचना टूलनेही परत द्यावी.

पुस्तकाचे एक वेळ ठीक आहे, वाचक कपाटापाशी जाऊन पाहील. पण उद्या याच तऱ्हेने कुणाची पेन्शनची नोंद विचारली जाईल, कुणाचा सातबारा. खिडकीपलीकडून ‘नोंद नाही’ ऐकून परत फिरणारा माणूस कोणते कपाट उघडणार? असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.