नामांतराचा प्रश्न आणि राज्यशासनाची भूमिका : एक चिकित्सा

मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. शरद पवार मंत्रिमंडळाला तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. ठरावापाठोपाठ मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. शासनाने ठरावाची अंमलबजावणी लांबणीवर टाकली.

शांततेसाठी हे आवश्यक होते, असे समर्थन केले जाते. तथापि हिंसेच्या बळावर विधिमंडळाचा ठराव रोखता येतो, हाच अर्थ त्यातून निघाला. हक्काचा प्रश्न कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न ठरला. अमेरिकेत जॉन्सन प्रशासनाने १९६७ च्या शहरी दंगलींची कारणे शोधण्यासाठी कर्नर आयोग नेमला. आयोगाच्या शिफारशी बहुतांशी कागदावरच राहिल्या. परंतु दंगलींमुळे १९६४ चा नागरी हक्क कायदा मात्र थांबविला गेला नाही.

नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी नोव्हेंबर १९९३ मध्ये आत्मदहन केले. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी, पवार यांच्याच कारकिर्दीत, 'मराठवाडा' हा शब्द कायम ठेवून नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले व नांदेड-लातूरची महाविद्यालये त्यास जोडली गेली. प्रादेशिक सोयीच्या दृष्टीने ते उचितच होते. परंतु संघर्षाची झळ सोसलेल्या या परिसरातील महाविद्यालये नामविस्तारित विद्यापीठात अवघे आठ महिनेच राहिली. सारांश, शासनाने तडजोड साधली. मात्र पंधरा वर्षांच्या विलंबाचे उत्तरदायित्व निश्चित केले नाही.