सीगफ्रीडचा ओरडा

जेम्स हेरियटची पुस्तकं तुम्ही वाचली नसली, तरी 2020 पासून चॅनल फाइव्हवर आलेली ‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’ ही मालिका ब्रिटनमध्ये राहून कानावर आली नाही, असं होणार नाही. यॉर्कशरच्या टेकड्या, मध्यरात्री अडलेली गाय, खवट शेतकरी आणि नवखा पशुवैद्य. हेरियट वाचून या पेशाकडे वळलेले अनेक जण आहेत. म्हणूनच त्यातला सीगफ्रीड जरा नीट पाहायला हवा.

दवाखान्याचा हा मालक टाक्यांचा दोरा उधळतोस म्हणून जेम्सला झापतो, आणि जपून वापरला म्हणून पुन्हा झापतो. पशुवैद्यक शिकणारा धाकटा भाऊ ट्रिस्टन नापास झाला की त्याला हाकलून देतो आणि नंतर विसरून जातो. आपण खळखळून हसतो. हेरियट स्वतःची फजितीही तितक्याच मोकळेपणानं सांगतो, हे त्याचं मोठेपण. पण त्या हसण्यात नवख्याची भीती विरून जाते. वरिष्ठाचा ओरडा म्हणजे प्रसाद, हे आपल्याही ओळखीचं तत्त्व तेवढं उरतं.

पुस्तकाबाहेरची हकीकत वेगळी आहे. हेरियट म्हणजे आल्फ वाइट, 1939 चे ग्लासगोचे पदवीधर. 1960 च्या सुमारास त्यांना तीव्र नैराश्य आलं, विजेचे उपचार घ्यावे लागले. मुलानं 1999 मध्ये लिहिलेल्या चरित्रात हे आहे. सीगफ्रीड ज्यांच्यावर बेतला, त्या डोनाल्ड सिंक्लेअर यांनी 1995 मध्ये आत्महत्या केली. ओरड्याशी याचा थेट संबंध जोडणं चूक ठरेल. पण 1970 पासून आलेल्या त्या कथांत पशुवैद्याच्या स्वतःच्या मनाच्या दुखण्याला जागा नव्हती, एवढं खरं.

आज ती जागा आहे. रॉयल कॉलेजच्या आचारसंहितेत जनावर आणि मालक यांच्याबरोबर सहकाऱ्यांप्रतीची जबाबदारीही येते. 2014 मध्ये त्याच संस्थेनं मानसिक आरोग्यासाठी ‘माइंड मॅटर्स’ उपक्रम सुरू केला. ‘व्हेटलाइफ’ची हेल्पलाइन विद्यार्थ्यांसाठीही अहोरात्र चालू असते.

मात्र शिक्षणातले कितीतरी आठवडे खऱ्या दवाखान्यांत काढावे लागतात, आणि तिथं सीगफ्रीड भेटू शकतो. तुमची मुलगी फोनवर म्हणाली, “सगळ्यांसमोर ओरडले,” तर “शिकताना ऐकून घ्यावंच लागतं” असं म्हणू नका. आधी तिचं ऐका. मालिका जरूर पाहा, हसाही. पण जेम्सच्या चेहऱ्याकडेही लक्ष असू द्या.