ज्याने घडवले, त्यानेच विकावे

सिअ‍ॅटलला पाहुणे आले की आपण त्यांना हमखास पाइक प्लेस मार्केटला नेतो. उडते मासे दाखवतो, कॉफी पाजतो आणि हस्तकलेच्या टेबलांपाशी "छान आहे, पण महाग आहे" असे मराठीत पुटपुटून पुढे सरकतो. मीही वर्षानुवर्षे असाच सरकलो. गेली दोन वर्षे मात्र आमच्या सौ. उपनगरातल्या शनिवारच्या बाजारात गोधडीच्या टाक्यांच्या पिशव्या विकतात. त्यांची खोकी उचलता उचलता माझे मत पार बदलले.

पाइक प्लेस १७ ऑगस्ट १९०७ रोजी सुरू झाले, ते शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्यामधला दलाल वगळण्यासाठी. पुढे ते पाडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९७१ च्या नोव्हेंबरात नागरिकांनी मतपेटीतून ते वाचवले. शेतकऱ्याचा नियम तिथे कारागिरालाही लागू आहे : माल स्वतः घडवलेला हवा. रोज सकाळी हजेरी होते आणि ज्येष्ठतेनुसार जागा मिळतात. नव्या माणसाने उरलेले टेबल घ्यावे.

ही ज्येष्ठता मला प्रथम खटकली. १९९४ साली सुरू झालेल्या दिल्ली हाटची पद्धत अधिक न्याय्य वाटली. तिथे कारागिराला साधारण पंधरा दिवस स्टॉल मिळतो, मग दुसऱ्याची पाळी. आमच्या संगणकशास्त्रातही पाळीची पद्धत सर्वांत निःपक्षपाती मानतात. पण संगणकातल्या कामांना ओळखीचे गिऱ्हाईक नसते! पाळीने संधी वाटली जाते. गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र तेच माणूस पुन्हा पुन्हा दिसल्याने जमतो.

हे मला कळले एका उसवलेल्या शिवणीमुळे. एक बाई पिशवी परत घेऊन आल्या. सौ.नी तिथेच सुई-दोरा काढून, त्यांच्यासमोर बंद पक्का करून दिला. त्या बाईंनी जाताना आणखी दोन पिशव्या घेतल्या. पुढच्या शनिवारी आपण त्याच जागी नसतो, तर ती शिवण म्हणजे फसवणूकच ठरली असती.

हिशेब सांगायचा तर तो आतबट्ट्याचाच आहे. पिशवी चाळीस डॉलरची, कापड-दोरा सहाचा, शिवणकाम पाच तासांचे. जागेचे भाडे आणि पेट्रोल न धरताही तासाला सात डॉलर पडत नाहीत. या राज्याच्या किमान वेतनाच्या निम्मेही नाहीत. मी हे कागदावर मांडून दाखवले तेव्हा सौ. म्हणाल्या, "अहो, मग किंमत चुकली आहे, काम नव्हे." माझी डॉक्टरेट तिथे उपयोगी पडली नाही. 'स्वतःच घडवा' या नियमाची खरी मर्यादाही इथेच दिसते. उत्पादन वाढवता येत नाही आणि हात दुखला की दुकान बंद. या नियमाने गिऱ्हाइकाला खात्री मिळते, कारागिराला पोट भरण्याची हमी मिळत नाही. ती योग्य किमतीतूनच यायला हवी.

आणि इथे आपली पाळी येते. दिवाळीच्या मेळाव्यात आपण वारली चित्रे छापलेले कप 'हस्तकला' म्हणून हौसेने घेतो. ते कोणाच्या हातचे, हे कोणी विचारत नाही. शेजारच्या टेबलावर कोणी स्वतः विणलेले तोरण मांडले, तर मात्र "वहिनी, घरचेच ना? मग कमी करा" म्हणतो. आपल्याकडे जे घरचे, ते फुकटचे!

माझी सूचना साधी आहे. यंदाच्या मेळाव्यात प्रत्येक वस्तूपाशी दोनच ओळींची पाटी असावी : कोणी केली आणि किती तास लागले. घासाघीस त्यानंतर खुशाल करावी. करवली तर.