विद्युत-रासायनिक प्रकाश-संवेदक : शोधमर्यादा आणि नमुन्याची कसोटी

विद्युत-रासायनिक प्रकाशोत्सर्जनावर आधारित जैवसंवेदकांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. विद्युदग्रावर योग्य विभव लावताच रुथेनियमचे संयुग ट्रायप्रोपिलअमाइनच्या सान्निध्यात सुमारे ६२० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देते. बाह्य प्रकाशस्रोत लागत नसल्याने पार्श्वप्रकाश अत्यल्प राहतो व रेणूंची सूक्ष्म मात्राही मोजता येते. तथापि, या विषयावरील अनेक शोधनिबंधांत न्यूनतम शोधमर्यादा हाच यशाचा प्रमुख निकष मानला जातो. हा निकष तपासून पाहणे आवश्यक आहे.

उपाशीपोटी रक्तद्रवातील ग्लुकोज ७ मिलिमोल प्रति लिटर वा अधिक असणे हा मधुमेहनिदानाचा निकष आहे. त्यामुळे नॅनोमोलपर्यंत पोहोचणारा संवेदक या निदानात काहीच भर घालत नाही. हृदयविकाराच्या निदानातील ट्रोपोनिन-टी या प्रथिनाची स्थिती वेगळी आहे. त्याची निरोगी व्यक्तींतील कमाल मर्यादा १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर इतकी अल्प असल्याने तेथे ही संवेदनशीलता अपरिहार्य ठरते. रोश कंपनीची 'एलेक्सिस' चाचणी याच तत्त्वावर चालते. तीत प्रतिपिंडांनी पकडलेला रेणू चुंबकीय सूक्ष्मकणांसह विद्युदग्रावर रोखला जातो आणि उरलेला द्रव धुऊन काढला जातो. म्हणजेच तिच्या यशात प्रकाशाइतकाच विलगीकरणाचा वाटा आहे.

दुग्धव्यवसायावर अनेक कुटुंबे अवलंबून असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हा भेद केवळ सैद्धांतिक राहत नाही. युरिया दुधात मुळातच असतो. अन्न सुरक्षा मानकांनुसार त्याची कमाल मर्यादा ७०० पीपीएम आहे. म्हणून युरियाचे अस्तित्व दाखवणे पुरेसे नाही, तर या मर्यादेलगतचे मापन अचूक हवे. शिवाय दुधातील प्रथिने व स्निग्धांश विद्युदग्रावर साचून संकेत क्षीण करतात. स्वच्छ बफर द्रावणात मिळालेला सरळ रेषेचा आलेख संगमनेर वा राहाता येथील संकलन केंद्रावर तसाच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. संवेदकाच्या चुकीने निर्भेळ दूध नाकारले गेले, तर तोटा उत्पादकाचा होतो.

लोणी येथील वैद्यकीय अभिमत विद्यापीठ आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच आहेत. विज्ञान महाविद्यालयांनी अशा संस्थांच्या सहकार्याने, रक्ताच्या बाबतीत नैतिक समितीच्या संमतीने, प्रत्यक्ष नमुने घेऊन आपले निष्कर्ष प्रमाणित पद्धतीशी ताडून पाहावेत. निबंध-परीक्षकांनीही शोधमर्यादेआधी विचारावे : नमुना कोणता, मोजण्याची गरज कोणत्या पातळीची आणि विद्युदग्र किती नमुन्यांनंतर टिकले? या प्रश्नांची उत्तरे नसलेला संवेदक प्रयोगशाळेबाहेर उपयोगी ठरेल, असे म्हणता येत नाही.