एमडीए कमी झालं, पण पिल्लं झाली का?

साहित्य आढावा करताना ही मांडणी तुम्हाला वारंवार सापडेल. मादी उंदरांना सायक्लोफॉस्फामाइड द्यायचं, सोबत करक्युमिन किंवा रेझवेराट्रॉल. मग अंडाशयात मॅलोनडायअल्डिहाइड, म्हणजे एमडीए, कमी, एसओडी जास्त. निष्कर्ष: 'प्रजननक्षमतेचं संरक्षण'. इथे जरा थांबा.

एमडीए हे मेदाच्या ऑक्सिडीकरणातून तयार होतं. त्यावरून ताण कळतो, प्रजननक्षमता नाही. सायक्लोफॉस्फामाइड मुळात डीएनएवर घाव घालतं. ऑक्सिडेटिव्ह ताण हा नुकसानीचा एक भाग झाला. म्हणून प्रायमॉर्डियल फॉलिकल मोजलेत का ते बघा, कारण हा साठा संपला की संपला. आणि नंतर नराबरोबर ठेवून पिल्लं मोजलीत का?

दुसरं, यातल्या अनेक प्रयोगांत उंदरांना कॅन्सर नसतोच. मग अंडाशय वाचवणारा पदार्थ गाठीलाही वाचवणार नाही कशावरून?

तिसरं, करक्युमिन तोंडावाटे दिलं तर रक्तात फारच थोडं पोचतं. जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीमधला २०१७ चा नेल्सन आणि सहकाऱ्यांचा आढावा यासाठी वाचाच. शिवाय अंडोत्सर्गालाच सक्रिय ऑक्सिजन रेणू लागतात, हे २०११ मध्ये उंदरांवर दिसलं आहे. तेव्हा 'अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं बरं' हे गृहीतकच कच्चं.

हे पेपर टाकाऊ नाहीत. पण सिनॉप्सिसमध्ये 'फर्टिलिटी' लिहायचं असेल तर पिल्लं मोजायची तयारी ठेवा. नाहीतर सरळ 'अंडाशयातील ऑक्सिडेटिव्ह ताण' लिहा. शीर्षक साधं दिसेल, पण व्हायव्हात उत्तर देता येईल.