पवित्राची गाळणी

‘शुद्ध’ म्हणतांच आपणांस वर्ज्य गोष्टी आठवतात. ‘पवित्र’ या शब्दाचें मूळ निराळें सांगतें. ऋग्वेदांत पवित्र म्हणजे सोमरसाची लोंकरी गाळणी. धातु ‘पू’, निर्मळ करणें. गाळणी चोथा अडविते, रस जाऊं देते.

फार्शी-मराठी कोश (१९२५) रचणारे माधव जूलियन १९३६ सालीं जळगांवच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. १९३८ सालीं त्यांचा ‘भाषाशुद्धिविवेक’ आला. त्या नांवांतील विवेक हीच खरी गाळणी होय. परंतु भाषाशुद्धीच्या चळवळीनें शब्दाचें कूळ आधीं पाहिलें. ‘साफ’ हा शब्द तर अरबी मुळाचा. तो टाकून भाषा साफ कशी करावी? पाचोऱ्याकडे ज्वारी पाखडणारी बाई दाण्याचें शिवार विचारीत नाहीं. खडा तेवढा वेंचते. शब्दांसहि तोच न्याय असावा.